दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटॅशियम वाढलं, ते पोटात भरलेल्या गॅसमुळे का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईचं वय ६४. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टन चालू आहे. पित्ताशयात खडे होते म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पित्ताशय आजूबाजूला चिकटलेलं निघाल्यामुळे ते सव्वादोन तास चाललं. त्या दरम्यान श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड ५२ पर्यंत चढला. ऑपरेशन संपल्यावर रक्त तपासलं तर पोटॅशियम ५.८ आलं, म्हणून रात्रभर आयसीयूत ठेवलं. ईसीजी नॉर्मल होता आणि सकाळी पोटॅशियम ४.९ वर आलं. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी ते ५.१ होतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी, १.३. आता बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन करायचं आहे आणि तुम्ही विचारताय की गॅसमुळेच हे झालं असेल तर पुढचं ऑपरेशन पोट उघडून करावं का.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली बावीस वर्षं चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांत भूल देते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन पडद्यावर पोटाच्या आतलं बघत असतात आणि मी दुसऱ्या पडद्यावर श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड बघत असते. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. तरी एक गोष्ट आधीच सांगते. मी तुमच्या आईंना तपासलेलं नाही. त्यांचा भुलेचा कागद, म्हणजे दर पाच-दहा मिनिटांच्या नोंदींचा तक्ता, माझ्यासमोर नाही. तो बघून माझं मत थोडं इकडे-तिकडे होऊ शकेल.

थोडक्यात माझं मत असं. गॅसचा वाटा आहे, पण तो लहान आहे. मोठा वाटा आई ऑपरेशन टेबलवर येताना सोबत घेऊन आल्या होत्या त्या गोष्टींचा आहे, म्हणजे किडनी, गोळी आणि मधुमेह. आणि ५.८ हा आकडा पूर्ण खरा होता का, याबद्दलही मला शंका आहे. आता एकेक सविस्तर सांगते.

पोटात गॅस भरतात तो जागा करण्यासाठी. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली गेल्याशिवाय सर्जनना आतलं दिसत नाही आणि हत्यारं फिरवता येत नाहीत. गॅस कार्बन डायऑक्साइडच का? तो पेटत नाही, त्यामुळे आत वीज वापरून रक्तस्राव थांबवता येतो. आणि तो रक्तात चटकन विरघळतो, ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट जास्त. चुकून एखाद्या शिरेत थोडा गेला तरी हवेच्या बुडबुड्यासारखा अडकून राहण्याची भीती त्यामुळे कमी. पण विरघळण्याच्या या गुणामुळेच तो पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तात शिरत राहतो. आपलं शरीर विश्रांतीत असतानाही मिनिटाला साधारण २०० मिलीलीटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. त्यात ही बाहेरची भर पडते. भुलेत पेशंट स्वतः श्वास घेत नसतो, व्हेंटिलेटर घेत असतो. म्हणून जास्तीचा गॅस बाहेर काढायचं काम आमचं. मिनिटाला जेवढी हवा देत असतो ती साधारण १५ ते ३० टक्क्यांनी वाढवतो आणि पडद्यावरचा आकडा ३५ ते ४५ च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतो.

गॅस भरल्यावर आकडा पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास चढतो आणि मग एका पातळीवर टेकतो. तसा टेकला तर मी निश्चिंत असते. अर्ध्या तासानंतरही तो चढतच राहिला, तर मात्र कारण शोधते. नळी एकाच फुफ्फुसात सरकली का, भुलेच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा लाइम संपला का, गॅस पोटाऐवजी कातडीखाली पसरतोय का, असं एकेक तपासते. एकदा एका लांबलेल्या ऑपरेशनमध्ये आकडा ४४ वरून पाहता पाहता ६३ वर गेला. चादरीखाली हात घालून पेशंटच्या गळ्याला बोट लावलं तर कातडीखाली कुरकुर लागली, कुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी. गॅस छातीवरून गळ्यापर्यंत पसरला होता. सर्जनना थांबायला सांगितलं, गॅस सोडला, वीस मिनिटं नुसता श्वास देत राहिलो आणि आकडा खाली आला. नंतर कमी दाबावर ऑपरेशन पूर्ण केलं.

तुमच्या आईंचा आकडा ५२ होता. आदर्श नाही, पण सव्वादोन तासांच्या अवघड पित्ताशयात तो मी स्वतःही पाहिलेला आहे. पडद्यावरचा आकडा श्वासातला असतो. रक्तातला त्यापेक्षा थोडा जास्त असतो, निरोगी माणसात तीन ते पाचने. म्हणजे रक्तात ५६-५७ धरू. ४० वरून तो दर १० ने चढला की रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, साधारण ०.०८ ने उतरतो. या हिशोबाने आईंचा पीएच ७.४० वरून ७.२७ च्या आसपास आला असावा. रक्त थोडं आम्लधर्मी झालं, एवढाच याचा अर्थ.

आता पोटॅशियम. आपल्याकडे भात कणगीत ठेवतात आणि खळ्यात चार दाणे सांडलेले असतात. शरीरातलं पोटॅशियम अगदी तसंच आहे. ९८ टक्के पेशींच्या आत, कणगीत. बाहेर रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात उरलेले दोन टक्के. तपासणीत आपण मोजतो ते हे खळ्यातलं. कणगीला जरा धक्का लागून मूठभर बाहेर आलं तरी खळ्यातलं माप एकदम वाढलेलं दिसतं, शरीरात एक कणही वाढलेला नसताना. रक्त आम्लधर्मी झालं की असा धक्का लागतो. आम्ल पेशीत शिरतं आणि पोटॅशियम बाहेर येतं.

पण हा धक्का प्रत्येक आम्लाचा सारखा नसतो. आम्हाला शिकताना एक ठोकताळा सांगतात, पीएच ०.१ ने उतरला की पोटॅशियम ०.६ ने वाढतं. तो ठोकताळा लावला तर आईंच्या बाबतीत सगळं गॅसमुळेच झालं असं उत्तर येतं, आणि कदाचित तुम्हालाही कोणीतरी तेच सांगितलं असेल. पण तो खनिज आम्लांवरून, म्हणजे हायड्रोक्लोरिकसारख्या आम्लांवरून, आलेला ठोकताळा आहे. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो स्वतःच पेशीच्या भिंतीतून आरपार जातो, त्यामुळे पोटॅशियमशी अदलाबदल फार थोडी होते. कार्बन डायऑक्साइड साठून आलेल्या आम्लतेत पीएच ०.१ ने उतरला तर पोटॅशियम ०.१ च्या आसपास वाढतं, थोडं जास्त धरलं तरी ०.२. म्हणजे आईंच्या बाबतीत गॅसच्या खात्यावर ०.२, फार तर ०.३. वाढलंय ०.७. उरलेलं कुठून आलं?

तास-दीड तासाच्या ऑपरेशनमध्ये, किडनी चांगली असलेल्या माणसाला निव्वळ गॅसमुळे धोकादायक पोटॅशियम झालेलं मी पाहिलेलं नाही. ऑपरेशन खूप तास चाललं, गॅसचा दाबही जास्त होता, तर मात्र चांगल्या किडनीच्या माणसातही ते चढताना दिसतं. म्हणून तीन तासांच्या पुढे काम गेलं की मी मध्येच एकदा रक्त तपासून घेते.

आईंच्या क्रिएटिनिनचा आकडा १.३ आहे. रिपोर्टवर तो काठावरचा दिसतो आणि सहसा कोणी त्यावर बोलत नाही. पण ६४ वर्षांच्या बाईंसाठी हिशोब मांडला तर किडनीची गाळण्याची ताकद साधारण ४६ येते. तरुण निरोगी माणसाच्या निम्मी म्हणा. त्यात टेल्मिसार्टन. रक्तदाबासाठी आणि मधुमेहातल्या किडनीसाठी ही गोळी खरंच चांगली आहे, तिच्याबद्दल मनात राग धरू नका. पण ती लघवीवाटे पोटॅशियम बाहेर पडणं कमी करते. त्यामुळे आई ऑपरेशनला आल्या तेव्हाच ५.१ वर होत्या, खळं आधीच भरलेलं.

मग टेबलवर काय झालं असेल? पोटात १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका दाब दोन तास होता. त्या दाबाने किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि लघवी कमी होते. दाब सोडला की किडनी पुन्हा कामाला लागते, पण ते दोन तास पोटॅशियम बाहेर जायची वाट अरुंद झालेली असते. रात्रीपासून उपाशी मधुमेही माणसात इन्शुलिन कमी पडतं आणि पोटॅशियम पेशीत परत ढकलण्याचं काम मुख्यतः इन्शुलिन करतं. श्वासाची नळी घालताना स्नायू सैल करणारं स्कोलीन वापरलं असेल तर त्यानेही ०.५ च्या आसपास वाढतं, पण काही मिनिटांत उतरायला लागतं, म्हणून सव्वादोन तासांनंतरच्या आकड्यात मी ते धरत नाही. सलाइन म्हणून आरएल (रिंगर लॅक्टेट) दिलं असेल तर त्यात लिटरला ४ मिलिमोल पोटॅशियम असतं, तेही रक्तापेक्षा कमीच. त्याला दोष देऊ नका.

आता ५.८ या आकड्याबद्दल. तुम्ही ओघात लिहिलंय की रात्री गावातली लॅब बंद असल्यामुळे नमुना बर्फाच्या डब्यातून मोटरसायकलने रत्नागिरीला नेला आणि रिपोर्ट चार तासांनी फोनवर कळला. सकाळचा नमुना मात्र गावातल्याच लॅबमध्ये लगेच लावला. हे वाक्य मी दोनदा वाचलं. पेशींच्या भिंतीवरचा पंप पोटॅशियम आत ठेवतो आणि थंडीत तो पंप मंदावतो. रक्तातलं सीरम, म्हणजे पेशींशिवायचं वरचं पाणी, वेगळं न करता रक्त बर्फावर ठेवलं की पोटॅशियम नळीतल्या नळीतच पेशीतून बाहेर झिरपतं. जितका जास्त वेळ, तितकं जास्त. वर आपल्याकडचे रस्ते. हादऱ्यांनी काही पेशी फुटल्या तर आणखी भर. थंड ठेवलं म्हणजे नमुना चांगला राहतो, असं सगळ्यांना वाटतं, आणि बऱ्याच तपासण्यांसाठी ते बरोबरही आहे. पोटॅशियमसाठी नाही. किती वाटा थंडीचा आणि किती आईंच्या शरीराचा, हे आता वेगळं काढता येणार नाही. पण ईसीजी नॉर्मल होता आणि सकाळी ताज्या नमुन्यात ४.९ आलं, तेव्हा रात्रीचं खरं पोटॅशियम ५.८ पेक्षा कमी असावं असं मला वाटतं.

नमुन्याबद्दल मी इतकं लिहिते याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर एका पेशंटचं पोटॅशियम ७.४ आलं. धावपळ सुरू झाली. मी पेशंटजवळ गेले तर तो उशीला टेकून बसलेला, नाडी नियमित, मॉनिटरवर पट्टी स्वच्छ. त्याच रिपोर्टवर कॅल्शियम बघितलं तर अशक्य इतकं कमी. तेव्हा कळलं. रक्त आधी जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं होतं आणि कमी पडलं म्हणून त्यातलंच थोडं दुसऱ्या नळीत ओतलं होतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नवीन नमुना घेतला, ४.३ निघालं. तो आकडा खरा धरून आम्ही इन्शुलिन दिलं असतं तर त्या माणसाचं खरोखरचं नुकसान झालं असतं.

याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनी आईंना आयसीयूत ठेवून चूक केली असा अजिबात नाही. मीही ठेवलं असतं. गॅस सोडल्यावर स्नायूंत साठलेला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर येत राहतो, भुलेच्या गुंगीत श्वास उथळ असतो, आणि त्यात रिपोर्ट ५.८ सांगतोय. रात्रभर मॉनिटर लावून ठेवणं हेच बरोबर. खरंच पोटॅशियम वाढतं तेव्हा ईसीजीवर टी लाट टोकदार आणि उंच होते, मग पी लाट सपाट होते, मग क्यूआरएस, म्हणजे मधला उंच टोकाचा भाग, रुंद होत जातो. पण ईसीजी साफ आहे म्हणून पोटॅशियम नक्की ठीक आहे असंही धरता येत नाही, काही माणसांत बदल उशिरा दिसतात. म्हणून दोन्ही बघायचं.

ऑपरेशन चालू असताना खरोखर वाढलं तर काय करतो, हेही तुम्ही विचारलंय. आधी गॅस सोडायला सांगते आणि श्वास वाढवते. हृदयाला वाचवण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देते. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदय तेवढा वेळ सांभाळलं जातं. मग पोटॅशियम पेशीत परत ढकलण्यासाठी इन्शुलिन आणि सोबत ग्लुकोज, श्वासातून साल्ब्युटामॉल. सोडा बायकार्ब मात्र मी इथे जपून वापरते, कारण त्यापासून शरीरात आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो आधीच साठलेल्या माणसाला बायकार्ब देणं म्हणजे होडीत पाणी शिरतंय आणि आपण वरून घागर ओततोय. एवढं करूनही आटोक्यात नसेल तर डायलिसिस, आणि आपल्या भागात त्यासाठी रात्री किती लांब जावं लागेल याचा विचार ऑपरेशनच्या आधीच केलेला बरा.

आणखी एक शक्यता मनात ठेवतो, ती म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया. भुलेच्या काही औषधांमुळे होणारा हा दुर्मीळ प्रकार, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि पोटॅशियम दोन्ही चढतात, स्नायू ताठ होतात, ताप वाढतो. आईंच्या बाबतीत तसं काही घडल्याचं तुमच्या माहितीत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण घरात कोणाला भुलेत असा प्रकार झाला असेल तर पुढच्या भूलतज्ज्ञांना जरूर सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. बेंबीचा हर्निया दुर्बिणीतून करायचा की उघडून? हा निर्णय एकट्या पोटॅशियमवर घेऊ नका. हर्निया लहान असेल तर तो उघडून, कमरेतल्या भुलेवर, कमी वेळात होतो आणि मग गॅसचा प्रश्नच येत नाही. मोठा असेल, वजन जास्त असेल, तर दुर्बिणीचे फायदे आहेत, जखमेत जंतुसंसर्ग कमी होतो आणि मधुमेही माणसात ते महत्त्वाचं आहे. हे हात लावून तपासलेल्या सर्जननीच ठरवायचं. माझ्या बाजूने एवढंच सांगते की दुर्बिणीतून करायचं ठरलं तर मागच्या वेळच्या ५.८ मुळे मी त्यांना नाही म्हणणार नाही. मात्र तयारी नीट करून घेईन.

आधी किडनीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि टेल्मिसार्टन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बंद ठेवायची का ते विचारा. बरेच भूलतज्ज्ञ चोवीस तास आधी थांबवतात, पण स्वतःहून थांबवू नका. पोटॅशियम आठ दिवस आधीचं नको, आदल्या दिवशीचं हवं. रक्त घेताना दंडाला पट्टा बांधून मूठ उघड-मीट करू देऊ नका, त्यानेही आकडा चढतो. आणि नमुना जवळच्या लॅबमध्ये, बर्फाशिवाय. हे लॅबच्या माणसाला आधीच सांगितलं तर तो ऐकतो, माझा अनुभव आहे. सर्जनना विचारा की गॅसचा दाब १० ते १२ वर ठेवता येईल का. आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ते अशा किडनीला त्रास देतं आणि पोटॅशियमही वाढवतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी आपल्याकडच्या प्रत्येक पेशंटला विचारते. एका आजींचं ऑपरेशनच्या सकाळी पोटॅशियम ६.१ निघालं. दोनदा तपासलं, खरंच ६.१. हृदयासाठी रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या चालू, दोन्ही पोटॅशियम शरीरात अडवून ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनूं, माका काय एक त्रास नाय. रोज दोन शहाळी पितंय, ताकद येता." शहाळ्याच्या १०० मिलीलीटर पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. दोन शहाळी म्हणजे हजाराच्या वर. निरोगी किडनी ते सहज बाहेर टाकते, त्या दोन गोळ्या चालू असताना त्यांच्या किडनीला ते झेपत नव्हतं. ऑपरेशन पुढे ढकललं, गोळ्या बदलल्या, शहाळी बंद केली. दोन आठवड्यांनी ४.६ वर आल्यावर त्याच टेबलवर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि गॅस दीड तास पोटात असूनही पोटॅशियम ४.८ च्या वर गेलं नाही. म्हणून आईंना शहाळी, केळी, बरक्या-काप्या फणसाचे गरे किती होतात ते विचारा. घरात कमी सोडियमचं मीठ आणलं असेल तर तेही बघा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

हॉस्पिटलमधून भुलेचा तक्ता, त्या रात्रीची ईसीजीची पट्टी आणि दोन्ही रिपोर्ट मागून घ्या, नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता लावला हे रिपोर्टवर असेल तर त्यावर खूण करा. ईसीजीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो, त्याचा आजच फोटो काढून ठेवा आणि पुढच्या भूलतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच दाखवा.